सुमन, तुझा हिरवा ब्लाउज

सुमन, काल तुझं तेरावं झालं. पंगत उठली, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, उरलेले लाडू डब्यांत भरून ज्याच्या त्याच्या हाती दिले. आज घरात तिघंच आहोत. भाऊजी खाली पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेत. तुझी लेक नीता तुझं कपाट उघडते, बघते आणि बंद करते. मी वर माझ्या खोलीत येऊन बसले आहे.

लोक तुझ्याविषयी चांगलंच बोलले. शांत बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं तुझ्या भजनातली बाई म्हणाली. मी ऐकून घेतलं. तू शांत असतीस तर इतकी वर्षं मी भांडत कुणाशी होते? तू शांत नव्हतीस. तू हळू बोलायचीस, एवढंच. आणि हळू बोलून आपलंच खरं करायचीस. दुसरी एक म्हणाली, आता त्या वरून सगळं बघतायत. मला चीड आली. तू बघत असतीस तर मला हे लिहावं लागलं नसतं.

तू माझ्यावर एकच काम टाकून गेलीस. त्याचं काय झालं ते तुला कळायला मार्ग नाही. काम झालं. पण आपण ठरवलं होतं तसं झालं नाही. तेच सांगायला बसले आहे. एकदम तिथे जायला मात्र जीव होत नाही, म्हणून आधी मागचं बोलते.

आपण जावा-जावा. मी थोरली, तू माझ्यामागून आलेली. दोघींचे नवरे रेल्वेत. आधी क्वार्टर शेजारी-शेजारी, मग अकोट्याला घर बांधलं तेव्हा खाली तुम्ही आणि वर आम्ही. तू मॅट्रिक, मी चौथी. तू पेपर मोठ्यानं वाचायचीस आणि मी भाजी निवडत ऐकायचे. त्यात भांडण नव्हतं. भांडण ट्रंक उघडली की व्हायचं.

दिवाळीच्या आधी आपण दोन्ही घरांचे जुने कपडे पलंगावर ओतायचो आणि ठरवायला बसायचो. कुठला अजून घालण्यासारखा आहे, कुठला मांडवीच्या बाजारात नटुभाई शिंप्याकडे दुरुस्तीला न्यायचा आणि कुठला भांडीवालीला देऊन टाकायचा. मी कपडा खिडकीसमोर धरायचे. त्यातून पलीकडचं झाड दिसलं की टाक. तू तो माझ्या हातातून ओढून घ्यायचीस, उलटा करायचीस, आणि शिवणीच्या आत किती कापड दाबलेलं आहे ते चाचपायचीस.

"बोटभर आहे, वहिनी. सैल करता येईल."

"येईल की. घालणार कोण?"

"अहो, कापड किती चांगलं आहे."

"कापड चांगलंच आहे. घालणारा पोट वाढवून बसलाय त्याचं काय?"

शिलाईच्या पैशात नवं येत असताना जुनं नीट करायचं आणि मग ते पुन्हा ट्रंकेत ठेवायचं, हे मला कधी पटलं नाही. माझा नियम सोपा होता. दुरुस्त झाल्यावर माणूस तो कपडा घालून घराबाहेर जाणार असेल, तरच शिंप्याकडे न्यावा. "घरात घालायला होईल" असं तोंडातून निघालं की तो कपडा गेलाच म्हणून समजावं. काखेत विरलेला नेऊ नये, खांद्यात चुकलेला नेऊ नये. कुणाची आठवण म्हणून तर मुळीच नेऊ नये. तुझं मात्र एकच. आत कापड आहे ना, मग त्यात अजून जीव आहे.

भाऊजींची ती राखाडी पँट तू किती वर्षं सैल करत नेलीस. शेवटी नटुभाईनं ती उलटी करून तुझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "बेन, हवे अंदर कंई नथी. हवे साहेबने ओछुं जमाडो." आत काही उरलं नाही, आता साहेबांनाच कमी जेवू घाला म्हणे! मी दुकानातच हसत सुटले. तू हसली नाहीस. "मग मागे दुसऱ्या कापडाची पट्टी लावा," म्हणालीस. "वर शर्ट असतो. कोण बघतंय?" पट्टी लावलेली ती पँट घालूनच भाऊजी रिटायर झाले. निरोपाच्या फोटोत ते पहिल्या रांगेत बसले आहेत आणि पट्टी कुणाला दिसत नाही, हे तू मला नंतर दहादा दाखवलंस.

नटुभाईकडून निघालं की सेव-उसळ खायची, हे ठरलेलं. वरची लाल तरी जास्त तू मागायचीस आणि ठसका मला लागायचा. "तुम्हाला काही सोसत नाही, वहिनी," असं म्हणून पाणी पुढे करायचीस. मला पुष्कळ सोसतं. तिखट सोसत नाही.

कोटाचं आपलं बोलणं अर्धंच राहिलं. आमचे हे गेले त्यानंतर तू त्यांचा लोकरीचा कोट हातात घेऊन वर आलीस. "यांना होईल. खांदे जरा आत घेतले की झालं." मी म्हटलं, खांदे आत घेता येत नाहीत, कोटाचा आकारच जातो. तू म्हणालीस, नटुभाईला विचारू तरी. मी विचारू दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात भांडीवाली आली आणि मी कोट देऊन एक पातेलं घेतलं. तू कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. त्या पातेल्यात तू कधी दूध तापवलं नाहीस, माझ्या घरी चहा करायला उभी राहिलीस तरी दुसरं भांडं शोधायचीस. मी बघत होते.

खांद्याचं मी खरंच सांगितलं होतं. पण खांदे आत घेता आले असते तरी मी तो कोट दिला नसता. रोज सकाळी जिन्यातून खाली बघावं आणि तो कोट घालून कुणीतरी फाटक उघडतंय असं दिसावं, ते मला नको होतं. हे मी तुला तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर तू लगेच समजून घेतलं असतंस आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला असतास. त्यापेक्षा तुझा अबोला परवडला.

नदीचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी तू तांदळाच्या आधी ट्रंक वर आणलीस. तांदूळ भिजले, कपडे कोरडे राहिले. मी किती बोलले तुला! भाऊजी गुडघाभर पाण्यातून फुगलेले तांदूळ बादलीनं बाहेर टाकत होते आणि तू माझ्या पलंगावर बसून नीताचे लहानपणचे फ्रॉक मोजत होतीस. पाणी ओसरेपर्यंत आपण सगळे वरच राहिलो. तेव्हा एका खोलीत झोपताना मला कळलं की तू झोपेतही हळूच बोलतेस.

मग तुझं दुखणं आलं. लिव्हर खराब झालंय म्हणून सांगितलं. आधी तू वाळलीस. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. तू पाठीत पिना लावून ते घालायचीस. मी म्हटलं, "नटुभाईकडे जाऊ या का?" जन्मात पहिल्यांदा मी म्हटलं.

तू म्हणालीस, "आता घालणार कोण?"

माझंच वाक्य तू मला परत दिलंस. मी वर निघून आले.

त्यानंतर एका दुपारी भाऊजी औषधं आणायला गेले होते. तू म्हणालीस, "वहिनी, दार लोटा." उशीखालून हिरवा ब्लाउज काढलास. नीताच्या लग्नात आलेल्या साडीवरचा.

"हा नटुभाईकडे न्या. पाठ मधोमध उघडी करायला सांगा. दोन्ही कडा नीट शिवून, बंद लावून."

"पुढे हुक आहेत की."

"असू देत. मागूनही उघडला पाहिजे."

मला कळलं होतं. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हलणार नव्हते. "असला ब्लाउज घालून निघालीस कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे कुठे."

मग तू तुझ्या माहेरचं, सावली गावचं सांगितलंस. तुझे वडील तिथे कचेरीत कारकून होते आणि तू परकरात असताना आई गेली, एवढंच मला माहीत होतं. पुढचं तू कधी बोलली नव्हतीस. बायकांनी तिला हिरवं नेसवायला घेतलं. अंग ताठ झालेलं, हात बाहीत जाईना. म्हणून कुणीतरी चोळी पाठीत गळ्यापासून खालपर्यंत फाडली आणि पुढून चढवली. सगळीकडे तसंच करतात. मीही केलेलं आहे, माझं कुंकू होतं तेव्हा. तू दाराआड उभी होतीस.

"ती चोळी आईनं हातानं शिवली होती. टर्रकन आवाज झाला. आई बोलायची कशी ते मला आठवत नाही, वहिनी. हा आवाज आठवतो."

"मेल्यावर तुला काय कळणार आहे, फाडला की नाही?"

"मला कशाला कळायला पाहिजे? नीता असेल ना घरात."

"नीता अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आहे. पुण्याला ऑफिसात माणसं हाताखाली ठेवते."

"असू दे. तिच्या कानावर ते पडता कामा नये. आणि तिला यातलं काही सांगायचं नाही."

मी ब्लाउज उलटसुलट केला. दुसरं काय करणार? म्हटलं, "एकदाच घालायच्या कपड्यावर शिलाई कोण खर्च करतं?"

"तुमच्या नियमात बसतो की," तू म्हणालीस. "घालून घराबाहेरच जाणार आहे."

दोघी हसलो. तू हसताना पोट धरलंस, दुखत होतं. दार लोटलेलं होतं ते बरं.

मी रिक्षा करून मांडवीला गेले. एकटी पहिल्यांदाच. नटुभाई आता थकलाय, पण मशीन सोडलेलं नाही. त्यानं ब्लाउज हातात घेतला आणि असला पुढून-मागून उघडणारा कोण घालणार, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"मासी, आगळ पण हुक अने पाछळ पण बंद? आवुं कोण पहेरशे?"

"आजारी माणूस आहे. हात वर होत नाहीत."

"पेला बेन?"

त्या बेन का, म्हणजे तूच का, असं विचारत होता. मी मान हलवली. त्यानं ब्लाउज उलटा केला, तसाच, तू करायचीस तसा, आणि काखेखालच्या शिवणी चाचपल्या. पाठीच्या कडांना पट्ट्या लावायला त्याच रंगाचं कापड हवं होतं. ते तिथे आत होतं. बोटभर. तू शिवतानाच ठेवायला लावलेलं. नटुभाई म्हणाला, "बेन हंमेशां रखावे." मी त्या दिवशी सेव-उसळ खाल्ली नाही. एकटीला कशी खाणार? सरळ घरी आले.

तू ब्लाउज घेतलास तो आधी उलटाच केलास. "आतलं कापड कुठे गेलं?"

"पट्ट्यांना लागलं."

"बघा. मी म्हणत नव्हते?" आणि तुझ्या त्या हडकलेल्या तोंडावर इतका आनंद दिसला की तेवढा मला तुझ्या मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता. बरं, जिंकलीस. ते भांडण तू जिंकलीस. लिहून देते.

तो ब्लाउज मी वर नेऊन ठेवणार होते. तू ठेवू दिला नाहीस. दोन दिवसांनी तुला अंघोळ घातली आणि नेहमीचा ब्लाउज चढवताना तू कळवळलीस. खांदा धरलेला, हात मागे जात नव्हता. तू म्हणालीस, "तो हिरवा काढा."

"अगं, तो कशाला?"

"एकदाच घालायचा म्हणून तुमचा जीव तुटत होता ना? मग आत्ताच घालते."

पुढून दोन्ही हात सरळ घातले, मागे बंद बांधले, झालं. कळ नाही, काही नाही. तू आरशात न बघताच म्हणालीस, "हे आधी का नाही सुचलं?" मग मी नटुभाईकडून तुझे आणखी दोन तसेच करून आणले, पण तुझा हात हिरव्याकडेच जायचा. मऊ होता. दवाखान्यात नेलं तेव्हा तोच अंगावर होता आणि परत आणलं तेव्हाही तोच. तुझ्या आयुष्यातल्या शेवटच्या महिन्यांत ज्या एका वस्तूनं तुला खरंच आराम दिला ती ही. डॉक्टर नाही, मी नाही, देव तर नाहीच. हे मला कबूल आहे.

दवाखान्यातून आल्यावर तू म्हणालीस, "आता धुऊन, इस्त्री करून तुमच्याकडे ठेवा. आता लागेल." मी ठेवला. आपल्याला वाटलं, सगळी तयारी झाली. आपण दोघींनी, इतकी मरणं पाहिलेल्या बायकांनी, एवढा विचार केला आणि साधी गोष्ट विसरलो. सवाष्णीला शेवटची साडी माहेरची लागते. तुझा भाऊ साडी आणणारच होता. नुसती साडी कशी आणेल?

तू सकाळी गेलीस. नीता पंधरा दिवस इथेच होती, ती तुझ्या पायाशी झोपलेली. भाऊजी जिन्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, खाली या जरा." आवाजावरूनच कळलं. मी आधी कपाटातून ब्लाउज काढला, मग खाली आले.

सावलीहून तुझा भाऊ आणि भावजय येईपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर ऊन वर आलं आणि तुझं अंग ताठ होत गेलं. ते आले ते हिरवी साडी आणि कोरा तयार ब्लाउज घेऊन. भावजयीनं वाटेत कुणाचं तरी दुकान उघडायला लावलं होतं. तिचं काही चुकलं नाही. तिनं तिचं कर्तव्य केलं.

सवाष्णीला सवाष्णींनीच नेसवायचं, विधवेनं हात लावायचा नाही, हा आपल्या घरचा रिवाज. मी तो कधी मोडला नव्हता. इतके दिवस तुझं अंग मी पुसलं, तुझ्या केसांचा गुंता मी सोडवला, आणि त्या दिवशी तेच अंग मला शिवायचं नव्हतं. मी उंबरठ्याच्या अलीकडे उभी राहिले आणि ब्लाउज आत धरला.

भावजय म्हणाली, "ताई, हा काय?"

"हा घाला."

"अहो, हा वापरलेला. कोरं लागतं ना."

"तिनं सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंय?"

नीता तिथेच उभी होती. मला जन्मात कधी शब्दाची अडचण आली नाही, सुमन. तेव्हा आली. "हाच घाला, बाकी मला काही माहीत नाही," एवढंच म्हटलं.

"माहेरचं बाजूला ठेवून वापरलेलं घालून पाठवायचं? त्यांना काय वाटेल?" तिनं बाहेर बोट दाखवलं. तुझा भाऊ पायरीवर टॉवेलात तोंड खुपसून बसला होता.

"कोरा ओटीत घाल. हा अंगावर घाल." मला सुचलं ते मी बोलले. भावजय थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पण नीता पुढे आली. तिनं माझ्या हातातल्या ब्लाउजला नुसता हात लावला. म्हणाली, "काकू, हा नको. हा दवाखान्यात तिच्या अंगावर होता. धुतलात तरी त्याला तिथला वास येतोय. मला हा परत तिच्या अंगावर बघायचा नाही."

जिच्यासाठी सगळं केलं तीच नको म्हणत होती.

"नीता, तू जरा बाहेर थांब," मी म्हटलं.

"का?"

ते सांगायचं नाही असं तू मला बजावलं होतंस. भावजयीनं कोरा ब्लाउज उलगडला, पाठीला दोन्ही हात घातले आणि कापड ताणलं. मी ओरडले, "फाडू नकोस!" बाहेरच्या माणसांनी आत बघितलं.

"मग कसा घालू, ताई?" ती रडकुंडीला आली होती. "अंग बघा ना कसं झालंय."

"द्या, मामी," नीता म्हणाली. "फाडायचा नाही ना? मग कापते." तिनं तुझ्या सुई-दोऱ्याच्या डब्यातून कात्री काढली. खाली फरशीवर बसली, ब्लाउज मांडीवर पसरला, गळ्याच्या मधोमध कात्री लावली आणि खाली खाली कापत गेली. सावकाश. आखलेल्या रेघेवरून जावं तशी. बाहेरून कुणीतरी म्हणालं, आटपा, गाडी थांबली आहे. तिनं मान वर केली नाही. मग तिनंच तो तुला घातला, साडी नेसवली, कुंकू लावलं. तिला कोण अडवणार? ती सवाष्ण आहे आणि तुझी मुलगी आहे.

तू छान दिसत होतीस असं सगळ्या म्हणाल्या. मला तू मेलेली दिसत होतीस.

काल पंगत उठल्यावर नीता माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "काकू, आईनं तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं. मला सांगू नका म्हणाली होती. बरोबर ना?"

मी तुझा शब्द त्या सकाळी पाळला, त्यानंतर पाळला नाही. सगळं सांगितलं, सावलीपासून. ती ऐकत होती आणि पदराची कड दुमडत होती.

"म्हणजे मला बाहेर ठेवायचं तुमचं दोघींचं ठरलं होतं."

"तुझ्या कानावर पडू नये म्हणून."

"पडलं असतं तर पडलं असतं. आई माझी होती."

"ती दाराआड उभी होती, नीता. तिला माहीत होतं ते काय असतं."

"मला सांगितलं असतंत तर मीच नटुभाईकडून दुसरा शिवून आणला असता. कोरा. मागून बंद लावलेला. मामीला आधी फोन करून सांगितलं असतं, नुसती साडी आण." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "एवढं साधं होतं, काकू."

तू असतीस तर हळूच काहीतरी बोलून आपलंच खरं केलं असतंस. मला ते जमत नाही. मी तिला म्हटलं, हो, साधं होतं.

ती उठायला लागली तेव्हा मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मला तुला सांगायचं होतं. "कापताना तुला आवाज आला का गं?"

तिनं आठवून बघितलं. "नाही. कात्री सरळ चालतेय का तेवढंच बघत होते."

खोटं बोलत असेल तर माझ्यासाठी बोलली. पण मला वाटत नाही. तिचा चेहरा मी लहानपणापासून वाचते आहे, पुस्तकांपेक्षा जास्त.

तेव्हा तुझं काम झालं असं मी धरते. तुझ्या मुलीला आवाज आला नाही. हल्ली मला कमी ऐकू येतं, दोनदा हाक मारावी लागते, भाऊजी त्यावरून हसतात. मी उंबरठ्यापाशी तुझा इस्त्री केलेला ब्लाउज घेऊन उभी होते, आणि त्या कात्रीची एक एक कच मला नीट ऐकू आली.